फेक अकाउंटवरून बदनामी चाललीय, पोलिसांत जाऊ की नोटीस पाठवू?

प्रश्न: मी ऑनलाइन चित्रकलेचे क्लासेस घेते. आधी एका ओळखीच्या माणसासोबत मिळून चालवत होते, पटलं नाही म्हणून वेगळी झाले. तेव्हापासून इन्स्टाग्रामवर माझ्या नावाने, माझाच फोटो लावून एक फेक अकाउंट चालू आहे. त्यावर "फी घेऊन गायब होते, हिच्यावर पोलीस केस आहे" असलं लिहिलं जातं, पालकांना मेसेज जातात. माझा एक फोटो एडिट करून अश्लील केलाय. रात्री अनोळखी नंबरवरून "क्लास बंद कर नाहीतर अजून टाकीन" असे मेसेज येतात. हे सगळं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं आणि तिथे एका पालकाने "आमचीही एका महिन्याची फी परत आली नाही" असं लिहिलं (ते खरं आहे, गडबडीत राहून गेलं). संशय त्या जुन्या पार्टनरवरच आहे पण पुरावा नाही. भाऊ म्हणतो त्याचा फोटो-नंबर टाकून आपणही त्याला उघडं पाडू. घरचे म्हणतात सोडून दे. ओळखीचे एक वकील म्हणतात सरळ अब्रुनुकसानीची नोटीस पाठवू. काय करू?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी भावाला आवरा. त्याचा राग समजतो, पण त्याने त्या माणसाचा फोटो टाकून "हाच तो" लिहिलं आणि उद्या अकाउंट दुसऱ्याच कुणाचं निघालं, तर बदनामीच्या केसमध्ये आरोपी म्हणून तुमचा भाऊ उभा राहील. आणि अकाउंट त्याचंच निघालं तरी त्याच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत, "दोन्हीकडून चिखलफेक चालू होती साहेब" म्हणायला. तोच संशय, तेच नाव तुम्ही पोलिसांच्या अर्जात प्रामाणिकपणे लिहिलंत तर मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे, कारण अधिकार असलेल्या माणसाकडे चांगल्या हेतूने केलेली तक्रार हा बदनामीच्या कलमातलाच एक अपवाद आहे. तेव्हा नाव घ्यायचं तर अर्जात घ्या, स्टोरीवर नको.

आता मुद्द्याचं. तुम्ही, घरचे, ते वकील, सगळे या प्रकाराला एकाच नावाने हाक मारताय, बदनामी. पण तुमच्या पत्रात चार-पाच वेगवेगळे गुन्हे आहेत आणि त्यात बदनामी हा पोलिसांच्या दृष्टीने सगळ्यात लेचापेचा. तुम्ही ठाण्यात जाऊन "माझी बदनामी होतेय" एवढंच म्हणालात तर काय होईल ते आत्ताच सांगते. समोरचा अंमलदार ऐकून घेईल, डायरीत दोन ओळी लिहील, एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद हातात देईल आणि म्हणेल, "मॅडम, हे अदखलपात्र आहे, कोर्टाच्या आदेशाशिवाय आम्हाला तपास करता येत नाही, कोर्टात जा." तुम्हाला वाटेल टाळतोय, चिडून बाहेर याल. पण तो चुकीचं बोलत नाहीये. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात बदनामीचं कलम ३५६ आहे (जुनं ४९९-५००), शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. पण गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र, आणि कोर्ट त्याची दखल घेतं ती ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद केली तरच. म्हणजे वकील तुम्ही लावायचा, साक्षीदार तुम्ही आणायचे, तारखांना तुम्ही जायचं, आणि नवीन नियमाप्रमाणे दखल घेण्याआधी समोरच्यालाही बोलायची संधी मिळते. त्यात तुमच्याकडे तर समोरचा कोण हेच पक्कं नाही. फिर्याद कुणाच्या नावाने करणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बदनामी शेवटी ठेवा आणि बाकीचे तुकडे आधी पुढे करा, कारण तिथे तपास पोलिसांना करावा लागतो आणि अकाउंटमागचा माणूस शोधायची ताकद त्यांच्याकडेच आहे.

ते तुकडे बघू. तुमचं नाव आणि फोटो वापरून अकाउंट चालवणं, याला आयटी ॲक्ट २००० (माहिती तंत्रज्ञान कायदा) चं ६६सी म्हणजे ओळख चोरणं, आणि तोतयेगिरी करून लोकांना फसवलं असेल तर ६६डी, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. या कायद्यात तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेले गुन्हे दखलपात्र धरले जातात, त्यामुळे इथे "कोर्टात जा" म्हणता येत नाही. एडिट केलेला अश्लील फोटो, तो ६७ मध्ये येतो, उघड लैंगिक कृती दाखवणारा असेल तर ६७ए, तिथे पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत आणि दहा लाखांपर्यंत दंड. शिवाय कुणाची अब्रू जावी म्हणून खोटा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड बनवला तर न्याय संहितेचं ३३६(४), म्हणजे बनावटीकरण. हे कलम लोकांच्या लक्षातच येत नाही, पण बनवलेल्या स्क्रीनशॉटला आणि फोटोला चांगलं बसतं, तुमच्या अर्जात आवर्जून टाका.

मग धमक्या. "क्लास बंद कर नाहीतर अजून टाकीन" हा नुसता त्रास नाहीये, न्याय संहितेच्या कलम ३५१ च्या व्याख्येत अब्रूला धक्का लावायची धमकीसुद्धा येते, फक्त मारायचीच धमकी लागते असं नाही, आणि नाव लपवून धमकी दिली तर वरून आणखी दोन वर्षांपर्यंतची शिक्षा त्याच कलमात आहे. उद्या त्याने पैसे मागितले तर ते खंडणीत जाईल, ३०८, तो मेसेज आला तर जिवापाड जपा.

आणि एक, कलम ७८, पाठलाग. ते फक्त रस्त्यावरच्या पाठलागापुरतं नाहीये. एखाद्या पुरुषाने बाईला नको असताना पुन्हा पुन्हा संपर्क करणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हेही त्यात येतं. पण "नको असताना" हे दिसायला पाहिजे, तिने स्पष्ट नकार दिलाय असं कायद्याला लागतं. ज्या नंबरवरून मेसेज येतात त्यांना एकदाच, शांतपणे, "मला मेसेज करू नका, यापुढे आलेला प्रत्येक मेसेज पोलिसांना देणार आहे" एवढं पाठवा आणि त्यानंतर एक अक्षरही टाइप करू नका. ना शिवी, ना विनवणी, ना रात्री दोनला "तुला काय पाहिजे". त्या एका मेसेजची तारीख पुढे कामाला येते.

जाता जाता, अर्जात कुणी ६६ए लिहून दिलं तर खोडा. ते कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवलंय, तरी जुन्या ड्राफ्टमधून ते अजून डोकं वर काढतं.

पोलिसांत जायच्या आधी पुरावा. इथे जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक केसेस इथेच ढेपाळतात. बहुतेक जण काय करतात, घाबरून आधी ब्लॉक करतात, रिपोर्ट करतात, चॅट डिलीट करतात, आणि मग ठाण्यात जाऊन कापलेला स्क्रीनशॉट दाखवतात ज्यात ना तारीख ना अकाउंटचं नाव. तुम्ही उलटं करा, आधी जपा, मग रिपोर्ट. प्रोफाइल उघडा आणि वरचं यूजरनेम टिपा, ते मोठ्या अक्षरातलं नाव नाही, ते कुणीही कधीही बदलतं, आणि यूजरनेमही बदलतं म्हणून प्रोफाइलची आणि प्रत्येक पोस्टची पूर्ण लिंक कॉपी करून एका फाइलमध्ये ठेवा, तारीख-वेळ लिहून. स्क्रीनशॉट पूर्ण स्क्रीनचा, वरची वेळ आणि खालच्या कमेंट्ससकट. त्याशिवाय स्क्रीन रेकॉर्डिंग करा, ॲप उघडण्यापासून सुरुवात करून प्रोफाइलवर, तिथून पोस्टवर, एका दमात, म्हणजे मधे काही जोडलंय असं म्हणायला जागा नको. व्हॉट्सॲपवरचे चॅट एक्स्पोर्ट करा, नंबर सेव्ह करू नका, आकडे दिसले पाहिजेत. ज्या पालकांना मेसेज गेले त्यातल्या दोघा-तिघांना विनंती करा की त्यांच्या फोनमधून मेसेज डिलीट करू नका, कारण पुढे बदनामीची केस केलीत तर ते तिसऱ्यापर्यंत पोचलं हे तेच सांगू शकतात. फक्त तुम्हालाच पाठवलेल्या शिवीने बदनामी होत नाही, दुसऱ्या कुणाला तरी ती कळावी लागते.

आणि फोन विकू नका, रिसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ६५बी म्हणायचे, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलचा डिजिटल अंगठा समजा. हे सर्टिफिकेट ऐच्छिक नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या निवडणूक प्रकरणात जुन्या कलमाबद्दल सांगितलं, पण त्याच निकालात हेही आहे की मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केलं तर त्याची गरज नाही. तुमचा तो स्क्रीन तडकलेला फोन असेल तरी कपाटात ठेवा.

आता तक्रार. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या करता येते, महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. १९३० हा नंबर सगळे सांगतात पण तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तुमच्यासाठी पोर्टल आणि सायबर पोलीस ठाणं बरं. पोर्टलवर टाकलं म्हणून घरी बसू नका, पोचनंबर घेऊन प्रत्यक्ष जा. आयटी ॲक्टचा तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी करतो, तेव्हा भेटायचं कुणाला ते विचारून घ्या. तुमच्या हद्दीत येत नाही म्हणाले तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायला हद्द आड येत नाही, असा झिरो एफआयआर आता कायद्यातच लिहिलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने माहिती दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ते विसरू नका. नोंदवायला नाहीच म्हणाले तर तोच अर्ज लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर उपायुक्तांकडे, आणि तिथेही काही हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागायला. हा क्रम पाळा, मधली पायरी गाळली की कोर्ट तेच आधी विचारतं.

अर्ज लिहिताना भावनेचा भाग कमी ठेवा. "माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं" खरं असेल, पण अंमलदाराला कलम लावायला त्यातून काही मिळत नाही. असं लिहा: अमुक तारखेला अमुक लिंकवर माझ्या नावाने अकाउंट दिसलं, ते मी उघडलेलं नाही, फोटो माझ्या खऱ्या अकाउंटवरून अमुक तारखेच्या पोस्टमधून उचललाय, त्यात असा फेरफार केलाय, अमुक नंबरवरून अमुक वेळी हा मेसेज. मग शेवटी संशय कुणावर आणि का, "आमचा व्यवहार तुटला त्यानंतर हे सुरू झालं" इतकंच, त्याच्या स्वभावाचं वर्णन नको. आणि एक ओळ न चुकता, "संबंधित कंपनीला या अकाउंटची नोंदणी आणि लॉगिनची माहिती जतन करायला कळवावं." २०२१ च्या आयटी नियमांत काढलेला मजकूर आणि बंद झालेल्या अकाउंटची नोंदणी-माहिती १८० दिवस जपायची तरतूद आहे, पण ते दिवस भराभर जातात. त्या माणसाने उद्या अकाउंट उडवलं तरी माग राहतो, सहा महिने नुसता विचार करण्यात घालवलेत तर राहीलच असं नाही. घरच्यांच्या "सोडून दे"ला माझं उत्तर हे आहे, तक्रार केल्यावर दुर्लक्ष करा की खुशाल, आधी नको.

पुरावा जपून झाला की प्लॅटफॉर्मला रिपोर्ट. इथे शब्द कुठला वापरता याने फरक पडतो. "हे बदनामीकारक आहे" म्हणालात तर बहुधा उत्तर येईल की कोर्टाचा आदेश आणा, कारण श्रेया सिंघलच्याच निकालाने असं ठरलं की कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना आली की मगच कंपनीला बेकायदेशीर मजकुराची "माहिती होती" असं धरायचं. खरं-खोटं ठरवणं तिचं काम नाही, आणि मला विचाराल तर ते योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक पुढारी आणि बिल्डर रोज टीका उडवत बसला असता. पण तोतयेगिरी आणि मॉर्फ केलेला, म्हणजे एडिट करून बदललेला, फोटो यांचं वेगळं आहे, त्या तक्रारीवर कंपनीला फार तर दोन तासांत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तास होती) पाऊल उचलावंच लागतं, कोर्टाचा आदेश न मागता. तेव्हा ॲपमधलं नुसतं रिपोर्टचं बटण दाबून थांबू नका, त्यांच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला, ज्याचं नाव-पत्ता ॲपवर द्यावाच लागतो, लिंकसह लिहा की "हे माझ्या नावाने बनवलेलं अकाउंट आहे आणि हा माझा मॉर्फ केलेला फोटो आहे." समाधान झालं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, जिला जीएसी म्हणतात, ऑनलाइन अपील करता येतं. फोटोपुरतं आणखी एक, स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे, फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त हॅश तयार होऊन त्यात सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो पुन्हा अपलोड होताना अडवायला मदत होते.

आता त्या वकिलांच्या नोटिशीबद्दल. नोटीस वाईट नाही, पण वेळ चुकतेय. आत्ता पाठवलीत तर तुम्ही त्या माणसाला सांगताय की आवराआवर कर, फोन बदल, अकाउंट उडव. पोलिसांकडून किंवा कंपनीकडून अकाउंटमागचं नाव कळलं की मग नोटीस, त्यात मजकूर काढ, लेखी माफी माग, भरपाई दे. बऱ्याचदा प्रकरण माफीवर मिटतं आणि बदनामीचा गुन्हा आपसात मिटवताही येतो. नाही मिटलं तर दोन दारं उघडी, मॅजिस्ट्रेटकडे ३५६ ची फिर्याद, जिची मुदत तीन वर्षं, आणि दिवाणी कोर्टात भरपाई आणि मनाई हुकमाचा दावा, ज्याची मुदत फक्त एक वर्ष. ही एक वर्षाची भानगड नीट लक्षात घ्या. पोस्ट अजून नेटवर आहे म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते असं धरून चालू नका, दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये पहिल्यांदा टाकली त्या दिवसापासून मोजली होती. नाव माहीत नसतानाही अज्ञात व्यक्तीविरुद्ध दावा लावता येतो, आपल्याकडे अशा आदेशाला गमतीने अशोक कुमार ऑर्डर म्हणतात, पण खर्चाचं आणि कोर्ट फीचं गणित वकिलाकडून आधी कागदावर मांडून घ्या. आणि मनाई हुकूम पहिल्याच तारखेला हमखास मिळेल अशा भ्रमात राहू नका, मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका बातमीच्या प्रकरणात बजावलंय की सुनावणीआधीच मजकूर बंद करताना कोर्टांनी फार जपून वागावं. तुमच्याबाबतीत तोतया अकाउंट आणि मॉर्फ फोटो आहे, तो भाग भक्कम आहे, "फी घेऊन गायब होते" या वाक्यावर मात्र पुरावे तपासले जातील.

आणि म्हणूनच त्या फी परत न मिळालेल्या पालकाकडे वळते. त्यांच्यावर केस करायचं डोक्यातून काढा. त्यांनी खरं लिहिलंय, आणि दिवाणी दाव्यात खरं असणं हा पूर्ण बचाव आहे, फौजदारीत खऱ्याच्या जोडीला सार्वजनिक हितही लागतं पण बाकीच्या पालकांना सावध करणं त्यात सहज बसेल. उलट तुमची केस सुरू झाली की समोरचा वकील सगळ्यात आधी याच पालकांना साक्षीला बोलावेल. ती फी आजच परत करा, बँकेतून, म्हणजे नोंद राहील, आणि त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा, "अमुक महिन्याची फी परत करायची राहिली होती, आज केली आहे. माझ्या नावाचं दुसरं अकाउंट माझं नाही, त्याबद्दल पोलिसांत तक्रार केली आहे, तिकडून मेसेज आला तर कृपया मला पाठवा." बस, संशयिताचं नाव नको, खुलाशावर खुलासा नको.

ग्रुपच्या ॲडमिनला धारेवर धरायचा विचार असेल तर तोही नको. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की संगनमत असल्याशिवाय मेंबरने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन जबाबदार नाही. ज्यांनी स्क्रीनशॉट पुढे ढकलले त्यांचं थोडं वेगळं आहे, २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने रीट्वीट करणंही बदनामी ठरू शकतं असं म्हटलंय, म्हणजे "मी फक्त फॉरवर्ड केलं" हा काही रामबाण बचाव नाही. पण तुमचे हे पालक तुमचे साक्षीदार आहेत, त्यांना आरोपी करून तुम्हाला काय मिळणार.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये महिलांना मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. तिथल्या वकिलाला आधी ती लिंक आणि तारखांची फाइल दाखवा, आणि अर्ज पोलिसांत देण्याआधी त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या, विशेषतः ३३६(४) आणि ७८ राहिलं नाही ना ते बघून.